निर्गमन विलंब

केशवराव गभण्यांचं ठाम मत होतं की कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी तिची व्याख्या झाली पाहिजे. मोहाडीच्या तहसील कचेरीत अठ्ठावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाचं दुसरं मत असणार तरी काय? सरकारचा कुठलाही कायदा काढा, पहिल्या पानावर व्याख्या असतात. गुन्हा, दंड, शिक्षा वगैरे करमणुकीचा भाग मागाहून येतो. हाच नियम त्यांनी घरालाही लावला होता. चार वर्षांपूर्वी घरात प्रेशर कुकर आला, तेव्हा 'शिट्टी', 'झडप' आणि 'वाफेचा दाब' यांचा नेमका अर्थ त्यांना उलगडेना म्हणून तो सतरा दिवस कपाटावर बसून होता. अठराव्या दिवशी ते कचेरीत गेल्यावर त्यांच्या पत्नीने, शकुंतलाबाईंनी, तो खाली काढला, त्यात तुरीची डाळ शिजवली, घासूनपुसून पुन्हा होता तसा वर ठेवून दिला. त्या संध्याकाळी केशवरावांनी वरण मऊ झाल्याचं आवर्जून सांगितलं.

कचेरीत त्यांच्या ताब्यात विलंब नोंदवही होती. कुठलाही कागद एखाद्या टेबलावर सात दिवसांहून जास्त पडून राहिला की त्याची या वहीत नोंद व्हायची. शेवटचा रकाना 'विलंबास जबाबदार' असा होता आणि तो केशवराव लाल शाईने भरायचे. त्या रकान्यात आपलं नाव लागू नये म्हणून केशवराव समोरून येताना दिसले की तालुक्यातले तलाठी बाजूच्या बोळात वळत. स्वतः केशवरावांचं नाव मात्र अठ्ठावीस वर्षांत एकदाही त्यात आलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते कोणापासून लपवतही नसत.

१९८६च्या जानेवारीत भिलाईहून मुलीचं, सुलोचनाचं पत्र आलं. तिला दुसरा मुलगा झाला होता आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी बारसं होतं. 'दोघांनीही यावे' असं तिने लिहिलं होतं आणि 'दोघांनीही' या शब्दाखाली रेघ मारली होती.

ही रेघ उगाच नव्हती. या घरात राहायला आल्यापासून बावीस वर्षांत नवरा-बायको दोघं मिळून कधी गावाबाहेर गेले नव्हते. त्यांच्या गल्लीत घराला कुलूप लावणं बरं समजत नसत. दाराला कुलूप दिसलं की लोक पहिला प्रश्न विचारत, "कोण गेलं जी?" शिवाय केशवरावांचा कोणावर भरवसा नव्हता. त्यामुळे लग्न असो, मुंज असो, "तू राहा घरी, मी जाऊन येतो," हे वाक्य ठरलेलं होतं. सुलोचनाच्या लग्नाला सहा वर्षं झाली, त्यात केशवराव चारदा भिलाईला जाऊन आले. आल्यावर ते बायकोला घराचं वर्णन सांगत, "स्वयंपाकघर पूर्वेला आहे. नळ दोन आहेत." शकुंतलाबाईंना लेकीच्या घराची इतकीच माहिती होती.

पत्र वाचून झाल्यावर शकुंतलाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "या खेपेस मी बी येईन."

"आणि घर?" केशवरावांनी विचारलं.

"घर कायले येईन? ते राहीन न इथंच."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण सुपातला एकही खडा न काढता त्या बोलत होत्या, हे केशवरावांच्या लक्षात आलं आणि प्रकरण साधं नाही हे त्यांनी ओळखलं. पुढच्याच आठवड्यात कचेरीच्या कामाने ते नागपूरला गेले आणि येताना एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. घरफोडीचा इशारा देणारं यंत्र! दाराला लावायचं, कोणी दार उघडलं की भोंगा वाजतो. दुकानदाराने सांगितलं होतं, यंत्र लावा आणि खुशाल काशीला जा. केशवरावांना फक्त भिलाईपर्यंतच जायचं होतं.

"हे लागलं की आपण दोघं जाऊ," ते बायकोला म्हणाले. "पण आधी समजून घ्यावं लागेल."

शकुंतलाबाईंनी कपाटावरच्या कुकरकडे एकदा पाहिलं आणि बोटांवर दिवस मोजले. बारशाला एकोणीस उरले होते.

खोक्यात एक इंग्रजी पुस्तिका होती. तिच्या पहिल्याच पानावर अठरा शब्द अर्थासकट दिले होते आणि 'यंत्र बसवण्याआधी हे समजून घ्या' अशी सूचना होती. ही सूचना वाचून केशवरावांना इतका आनंद झाला की त्यांना तो पुस्तिका लिहिणारा माणूस आपल्याच खात्यातला वाटला. त्यांनी एक कोरी नोंदवही घेतली, रकाने आखले आणि मराठी प्रतिशब्द करायला बसले. सेन्सरचा झाला संवेदक. झोनचं झालं परिक्षेत्र. कंट्रोल पॅनेलचा नियंत्रण फलक. दार उघडल्यापासून घरच्या माणसाला यंत्र बंद करायला जी सवलत मिळते ती प्रवेश विलंब, आणि यंत्र चालू केल्यापासून घराबाहेर पडायला जी मिळते ती निर्गमन विलंब. 'विलंब' हा शब्द लिहिताना त्यांचं अक्षर आपोआप सुंदर यायचं.

एकेक शब्द तयार झाला की ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचून दाखवत.

"संवेदक. म्हणजे कोणाची चाहूल लागली की ज्याला कळतं तो."

"म्हंजे बायजाबाई," शकुंतलाबाई म्हणाल्या.

बायजाबाई म्हणजे शेजारची म्हातारी. गल्लीत कोणाकडे कोण पाहुणा उतरला हे तिला भिंतीपलीकडून, वासावरून कळायचं.

"ही चेष्टेची बाब नाही. पुढे. नियंत्रण फलक. सगळ्या तारा याच्याकडे येतात, कोणी काय करायचं ते हाच ठरवतो."

"तुमी."

हा अर्थ केशवरावांना पटला. त्यांनी तो कंसात लिहूनही ठेवला.

"मिथ्या इशारा. धोका नसताना झालेली बोंबाबोंब."

"समजलं. मी दिघोरीले माहेरी गेली होती, तिसऱ्या दिवशी तुमची तार आली, पोटात लय दुखते म्हणून. मी पहिल्या मोटारीनं आली, तं तुमी कचेरीत. ते."

केशवराव ओसरीत निघून गेले. हा अर्थ मात्र त्यांनी वहीत घेतला नाही.

यंत्र घरात आलंय ही बातमी गल्लीत पसरायला नोंदवहीची गरज पडली नाही. पहिला सल्ला घेऊन आले पुंडलिकराव. हे जंगल खात्यातून निवृत्त झालेले वनरक्षक; पंचवीस वर्षं नाकाडोंगरीच्या बाजूला काढलेली. त्यांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं.

"केशवराव, कायले एवढा खटाटोप करून राहिले? आमी धानाच्या बांदीले सुतळी बांधत होतो अन् तिले चार रिकामे डबे. रानडुक्कर आलं का डबे वाजे. ते काही परिक्षेत्र नाही पाहत, सरळ पळते."

"पुंडलिकराव, त्या सुतळीला संवेदक म्हणतात," केशवराव म्हणाले.

"असन. आमी सुतळीच म्हणत होतो."

बायजाबाईची अडचण निराळी होती. ती शकुंतलाबाईंकडे मागच्या दाराने यायची. विरजण न्यायला यायची, वाटी परत द्यायला यायची आणि वाटी दिली की नाही हे आठवायला परत यायची. केशवरावांनी रविवारी एक दिवस बसून रीतसर मोजणी केली, तेव्हा ती सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत चौदा वेळा आली. मागच्या दाराला संवेदक लावला तर भोंगा दिवसातून चौदा वेळा वाजणार. केशवरावांनी तिला पुढच्या दाराने येण्याविषयी समजावलं.

"पुढच्या दारानं यायले मी काय पाहुणी हावो?" बायजाबाई म्हणाली आणि दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी घरात विरजण असूनही शकुंतलाबाई स्वतःच तिच्याकडे विरजण मागायला गेल्या, तेव्हा कुठे ते मिटलं. घरात माणूस असेपर्यंत मागचं परिक्षेत्र बंद ठेवावं, असा बदल वहीत करण्यात आला.

मग केशवरावांना वाटलं, पोलिसांना कळवायला हवं. यंत्र वाजलं आणि पोलिसांना माहीतच नसलं तर काय उपयोग? ते अर्ज घेऊन ठाण्यात गेले. हवालदाराने अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"चोरी कधी झाली जी?"

"झालेली नाही."

"मंग संशय कोणावर हाये?"

"कोणावर नाही. यंत्र वाजल्यास आपण यावं, एवढंच म्हणणं आहे."

"येऊ न. पण वाजलं हे आम्हाले कोण सांगन?"

"यंत्रच सांगेल."

"ते अर्ज देईन काय?"

केशवराव इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत आले होते. अलीकडच्या बाजूने हे असं दिसतं, याची त्यांना कल्पना नव्हती. न झालेल्या चोरीची नोंद घ्यायला रजिस्टर नसल्याचं ऐकून ते परत आले. वाटेत त्यांच्या मनात आलं की हवालदाराचं म्हणणं नियमाला धरूनच होतं, आणि याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

यंत्र बसवायला तुमसरहून टिकाराम आला. तो रेडिओ दुरुस्त करायचा. पुस्तिकेला हातही न लावता त्याने तीन तासांत सगळं जोडलं. पुढचं दार, मागचं दार आणि धानाच्या कोठीची खिडकी, प्रत्येक ठिकाणी चौकटीला एक लोहचुंबक आणि झडपेला एक. दोघं जवळ आहेत तोवर यंत्र गप्प, दूर झाले की संपलं.

"साहेब, तुमचं पुढचं दार ढिलं हाये," टिकाराम जाता जाता म्हणाला. "कुलूप लावलं तरी बोटभर हलते. चालू केल्यावर धक्का नका देऊ. दार हललं का मशीनले वाटते, माणूस आत आला. तीस शेकंद वाट पाहीन, चाबी नाही फिरवली तं बोंबलन."

"म्हणजे प्रवेश विलंब," केशवराव म्हणाले.

"काय असन ते. हलवू नका."

दुसऱ्या दिवशी कचेरीला सुट्टी होती. सकाळी पावणेबारा वाजता केशवरावांनी यंत्राची चाचणी घेतली, आणि इथे एक गोष्ट उघडकीला आली. हा भोंगा अगदी वासुदेवरावांच्या राइस मिलच्या भोंग्यासारखा वाजत होता.

मोहाडीत तेव्हा सगळे व्यवहार मिलच्या भोंग्यावर चालत. दहाला एक, साडेबाराला एक, पाचला एक. घड्याळं होती; तुमसर रोड स्टेशनला जाणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरच्या हातातही होतं. पण ते त्याचं एकट्याचं होतं आणि भोंगा सगळ्या गावाचा होता, म्हणून तो चहा पीत बसायचा आणि भोंगा झाला की गाडी काढायचा. केशवरावांनी भोंगा वाजवला आणि मिलचे हमाल पाठीवरची पोती होती तिथे टाकून जेवायला बसले. बायजाबाईने भाताचं आधण उतरवलं. साडेबाराची मोटार पाऊण तास आधीच निघून गेली आणि तिच्यात बसायला निघालेले वासुदेवरावांचे साडू स्टँडवर पेढ्यांचा पुडा घेऊन उभे राहिले. इतकं सगळं झालं, पण गभण्यांच्या घरी चोर शिरला असेल असं मात्र एकाच्याही मनात आलं नाही.

संध्याकाळी वासुदेवराव स्वतः आले. त्यांनी चहा घेतला, सुपारी घेतली आणि केशवरावांकडून लेखी घेतलं की, खरी चोरी झाल्याखेरीज हा भोंगा यापुढे वाजणार नाही. केशवरावांनी सही केली. इतरांकडून असं लिहून घेण्यात त्यांची हयात गेली होती. आपली सही त्या बाजूला पाहून त्यांना जेवण गेलं नाही.

"मले तं फरक समजला," शकुंतलाबाई ताट उचलताना म्हणाल्या. "मिलचा भोंगा शेवटी शेवटी बसते. हा बसत नाही, एका सुरात वाजते. मले कधी बी ओळखू येईन."

ही गोष्ट केशवरावांनी मनावर घेतली नाही.

निघायच्या दोन दिवस आधी परीक्षा झाली. केशवरावांचं म्हणणं होतं की घरातल्या प्रत्येक व्यक्तीला सगळे अठरा शब्द आल्याशिवाय यंत्र वापरात आणता येणार नाही. घरात व्यक्ती दोनच होत्या, त्यातली एक परीक्षक. शकुंतलाबाई हात पुसत समोर बसल्या आणि उत्तरं देत गेल्या. प्रवेश विलंब म्हणजे? "भात उतू जाऊन राहिला अन् दार वाजलं, तं झाकण काढून दारापर्यंत यायले लागते तितका येळ." केशवरावांनी घड्याळ लावून हे करून पाहायला सांगितलं. एकोणतीस सेकंद लागले. एकेक उत्तर बरोबर येत सतरा शब्द झाले.

"निर्गमन विलंब?"

शकुंतलाबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

"हे नाही सांगता येत जी."

"सोपं तर आहे! सकाळीच वाचून दाखवलं."

"आयकलं. पण मले माह्या शब्दात नाही सांगता येत."

"ठीक आहे. सतरा. एक बाकी," केशवराव म्हणाले आणि त्यांनी वहीत त्या शब्दापुढची जागा कोरी सोडली. "विचार करून ठेव. आल्यावर विचारीन."

शनिवारी दहाच्या मोटारीने स्टेशन, तिथून रेल्वेने भिलाई असं ठरलं होतं. शकुंतलाबाई पहाटेच तयार होत्या. झबली, कुंची, चांदीचे वाळे आणि डिंकाचे लाडू असलेली पिशवी त्यांनी रात्रीच भरून ठेवली होती. नवीन पातळाची घडी त्यांनी आजच मोडली होती, त्यामुळे त्या जरा ताठ चालत होत्या. साडेनऊला त्या म्हणाल्या, "मी पुढं जाऊन जागा धरते. गर्दी होते. तिकिटाचे पैसे माह्याजवळच हायेत. तुमी या मागून."

"दहा मिनिटांत आलोच. फक्त कार्यपद्धती पूर्ण करतो."

शकुंतलाबाई उंबऱ्याबाहेर पडल्या. गल्लीच्या टोकाला जाऊन त्यांनी एकदा वळून पाहिलं. नवरा कोठीच्या खिडकीचा चुंबक तपासताना दिसला, तशा त्या चालू लागल्या.

केशवरावांनी तिन्ही परिक्षेत्रं तपासली. वहीत 'सर्व ठीक' असं लिहून सही केली. पुंडलिकराव निरोप द्यायला स्टँडवर गेले होते, त्यामुळे साक्षीदाराची सही राहिली, याची रुखरुख त्यांना लागली. नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी त्यांनी नियंत्रण फलकाची चावी फिरवली. बाहेर आले, कडी घातली, कुलूप लावलं.

आता इथे दुसरा कोणीही माणूस असता तर चालू लागला असता. पण केशवरावांना कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहायची सवय होती. कचेरीतल्या कपाटाचं कुलूपही ते तीनदा ओढत. साठ सेकंदांच्या निर्गमन विलंबात त्यांनी लगेच ओढलं असतं तरी काही बिघडलं नसतं, कारण तेवढ्या वेळात यंत्र दाराकडे लक्षच देत नव्हतं. पण मुदत संपण्याआधी केलेली तपासणी ग्राह्य कशी धरायची? म्हणून ते घड्याळात पाहत पायरीवर उभे राहिले. साठ सेकंद पूर्ण झाले. यंत्र रीतसर जागं झालं. मग केशवरावांनी कुलूप धरून एकदा ओढलं, दोनदा ओढलं, तीनदा ओढलं. दार तिन्ही वेळा बोटभर हललं आणि त्यांचं समाधान झालं.

आता राखणीला यंत्र असल्यामुळे घराची चावी त्यांनी निर्धास्तपणे भिंतीवरून बायजाबाईच्या हातात दिली.

"जा जी, काळजी नका करू," बायजाबाई म्हणाली आणि तिने ती पदराला गाठ मारून बांधली.

केशवराव निघाले. आत यंत्र तीस सेकंद मोजत होतं. ते गल्लीच्या कोपऱ्यावर पोचले आणि मागे भोंगा वाजला.

कोपऱ्यावरून डाव्या हाताला त्यांचं घर दिसायचं आणि उजव्या हाताला स्टँड. केशवराव मधोमध उभे राहिले. उजवीकडे ड्रायव्हरने चहाचा कप टपरीवर ठेवला, तोंड पुसलं आणि तो गाडीत चढला. पन्नासेक पावलांचं अंतर होतं. धावले असते तर पोचले असते. हात वर करून ओरडले असते तरी गाडी थांबली असती. डावीकडे घर बोंबलत होतं. केशवरावांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि ते डावीकडे वळले. मोटार मागून धूळ उडवत निघून गेली.

घराला कुलूप होतं, चावी बायजाबाईकडे होती आणि बायजाबाई घरी नव्हती. बावीस वर्षं ती दहाचा भोंगा झाला की धुणं घेऊन तलावावर जायची. आजही गेली होती. तार तोडावी, तर वहीत केशवरावांनीच लिहिलं होतं की तारेशी छेडछाड झाल्यास दुसरी घंटा वाजेल. तेवढ्यात मिलचा खरा भोंगाही झाला. त्या दिवशी मोहाडीत दहा दोनदा वाजले आणि खरे कोणते यावर चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत वाद चालला.

स्टँडवरून पुंडलिकराव धापा टाकत आले. त्यांनी बाहेरच्या भिंतीवरच्या भोंग्याला शिडी लावली, वर चढून दोन रिकामी पोती आणि एक जुनी गोधडी त्याच्यावर कोंबली आणि तिला पाठ लावून शिडीवरच बसले. आवाज थोडा कमी झाला.

"गाडी... गाडी गेली?" केशवरावांनी खालून विचारलं.

"गेली न! मी म्हणलं कंडक्टरले, थांब बाप्पा, आमचे केशवराव येऊन राहिले. तं त्यानं वहिनीले इचारलं, 'बाई, तुमचे मालक कुठं हायेत?' वहिनीनं कान देऊन जरासं आयकलं. मंग म्हणे, 'भोंगा झाला न जी? चला.'"

केशवराव पायरीवर बसले.

अर्ध्या तासाने बायजाबाई ओल्या धुण्यासकट आली. "मले वाटलं मिलचा भोंगाच अटकला," म्हणत तिने पदराची गाठ सोडली. यंत्र बंद झालं. आणि नेमके तेव्हाच वासुदेवराव तो सही केलेला कागद हातात घेऊन आले.

"केशवराव, खरी चोरी झाली काय?"

"नाही."

"मंग घरातून गेलं काय?"

केशवरावांनी घराकडे वळून पाहिलं. शिडीवरून पुंडलिकराव म्हणाले, "वहिनी गेल्या."

साडेबाराची मोटार होती. संध्याकाळची रेल्वे मिळाली असती आणि बारशाला पोचताही आलं असतं. पुंडलिकरावांनी तसं दोनदा सांगितलं. पण यंत्रणेत दोष निघाल्यावर ती वाऱ्यावर सोडून जाणं केशवरावांच्या नियमात बसेना. टिकाराम सोमवारशिवाय येणार नव्हता. केशवराव राहिले. रविवारी दुपारी, तिकडे पाळणा हलत असेल त्या वेळी, ते कपाटावरचा कुकर खाली काढून 'झडप' कशाला म्हणतात ते पाहत बसले होते. शेवटी बायजाबाई मागच्या दाराने भात घेऊन आली. त्यांनी तो खाल्ला. घर फार शांत होतं, आणि बावीस वर्षं एक माणूस या शांततेत बसत आलं होतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

गुरुवारी कार्ड आलं. शकुंतलाबाईंचं अक्षर मोठं होतं, ओळी चढत गेल्या होत्या.

'बारसे चांगले झाले. पोरगा तुमच्यासारकाच कपाळाले आठ्या पाडून पाहते. स्वयंपाकघर पूर्वेले नाही, उत्तरेले हाये. नळ तीन हायेत. परीक्षेतला तुमचा एक शब्द राह्यला होता. इचार केला. निर्गमन विलंब म्हंजे घरच्या माणसाले घराबाहेर पडायले लागते तितका येळ. मले बावीस वर्स लागले. बरोबर असन तं मार्क द्या. कधी येईन ते मागून कळवीन.'

केशवरावांनी कार्ड दोनदा वाचलं. मग त्यांनी यंत्राची वही काढली आणि कोऱ्या सोडलेल्या जागेत ते उत्तर जसंच्या तसं उतरवलं. पुढे 'बरोबर' असं लिहून अठरापैकी अठरा गुण दिले. तरी पेन खाली ठेववेना. त्यांना लाज वाटत होती, आणि ती कुठल्या रकान्यात घालायची हे समजत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी पट्टी घेतली, पानाच्या उजव्या कडेला एक नवा रकाना आखला आणि वर 'विलंबास जबाबदार' असं लिहिलं. खाली लाल शाईने पूर्ण नाव घातलं: केशव महादेव गभणे, वरिष्ठ लिपिक. सही केली, तारीख टाकली.

मग उठून त्यांनी पिशवी भरली, दाराला कुलूप लावलं आणि चावी भिंतीवरून बायजाबाईला दिली.

"अन् ते मशीन?" बायजाबाईने विचारलं.

"बंद हाये," केशवराव म्हणाले आणि साडेबाराच्या मोटारीकडे चालू लागले. कुलूप ओढून पाहायचं राहिलं, हे त्यांना तुमसर रोड स्टेशनवर आठवलं.